खेळपट्टीवरून लोकजीवनाकडे : पालवणकर बाळू यांचे चरित्र

अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेडशी हे गाव लागते. या गावात काय किंवा वऱ्हाडातील अन्य कोणत्याही गावात काय, सुगी आटोपल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात मुले क्रिकेट खेळताना दिसतात. चेंडू रबरी असतो, यष्टींच्या जागी काठ्या रोवलेल्या असतात आणि धावांच्या हिशेबावरून वादही रंगतात. गोलंदाज कोणत्या वस्तीतून आला, त्याच्या घरी कोणता व्यवसाय चालतो, याची चौकशी खेळ ऐन रंगात असताना कोणी करीत नाही. परंतु खेळ संपून तहान लागली, म्हणजे कोणाच्या घरचे पाणी कोणी प्यावयाचे आणि कोणी कोणत्या भांड्याला हात लावावयाचा, हा प्रश्न एके काळी या महाराष्ट्रात उभा राहत असे. मैदानावरील समता मैदानाच्या कडेशीच संपत असे.

ही कड ओलांडण्यासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्यांत पालवणकर बाळू यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. भारतीय क्रिकेटमधील पहिले थोर गोलंदाज म्हणून क्रीडाप्रेमी त्यांना ओळखतात. पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्या दलित नेत्यांपैकी ते एक होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात त्यांनी निवडणूक लढविली होती, ही गोष्ट मात्र तुलनेने कमी लोकांस ठाऊक आहे. शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांच्या रोजच्या कामाशी या चरित्राचा निकटचा संबंध आहे. गुणाला संधी देणे आणि गुणवंताला बरोबरीचे स्थान देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका आयुष्यातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

रूळ ओढणारा मुलगा

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार समाजातील एका कुटुंबात झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातील मूळ गावावरून आलेले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. त्या काळी लष्करी छावणी हे अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातील अनेक कुटुंबांना उपजीविकेचे आणि थोड्याफार शिक्षणाचे साधन होते. गावगाड्यात ज्यांना कोठेच वाव नव्हता, त्यांना छावणीने निदान ठरलेला पगार दिला आणि एका वेगळ्या जगाचे दर्शन घडविले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे क्रिकेट खेळावयास शिकले. गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे आणखी दोन बंधूही पुढे याच खेळात नावारूपास आले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरविणे आणि अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे, असे कामाचे स्वरूप होते आणि वेतन दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये पगारावर गेले. तेथेही खेळपट्टी आखणे, जाळी उभारणे, टेनिसचे मैदान तयार करणे हीच कामे होती. परंतु सरावाच्या वेळी या मुलाच्या हाती चेंडू दिला, म्हणजे तो कसलेल्या फलंदाजांनाही सहजासहजी खेळता येत नाही, हे तेथील साहेबांच्या लवकरच ध्यानी आले.

त्या क्लबात जे. जी. ग्रेग हे नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत. प्रत्येक वेळी आपणास बाद केल्याबद्दल ग्रेग बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका बाजूस ठेवली तरी या सरावाने बाळूंची गोलंदाजी घडविली, हे निश्चित. ते डावखुरे मंदगती गोलंदाज होते. एकाच लकबीने हात फिरवून ते चेंडू दोन्ही बाजूंना वळवीत, उंची व वेग यांत सूक्ष्म बदल करीत आणि टप्पा मात्र ढळू देत नसत. मात्र या क्लबात त्यांच्या हाती कधी बॅट देण्यात आली नाही. फलंदाजी हा मालकांचा मान आणि गोलंदाजी हे चाकराचे काम, अशी ती वाटणी होती.

चेंडू चालतो, पेला चालत नाही

या चाकराची कीर्ती शहरभर पसरली तेव्हा पुण्यातील हिंदू क्रिकेट मंडळापुढे पेच उभा राहिला. युरोपियन संघाला हरवावयाचे, तर बाळूंसारखा गोलंदाज हवा. परंतु बाळू चर्मकार आणि मंडळातील बरेच सभासद उच्चवर्णीय. काही सभासदांनी त्यांना घेण्याचा आग्रह धरला, काहींनी विरोध केला. अखेर विजयाची आस प्रबळ ठरली आणि बाळू संघात आले.

मात्र हा प्रवेश खेळपट्टीपुरताच होता. मैदानावर सर्वजण त्याच चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र बाकीचे खेळाडू मंडपात बसून कपातून चहा घेत, तर बाळूंना तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणाची ताटे वेगळी आणि बसण्याची जागाही वेगळी. चेंडूला विटाळ होत नाही आणि पेल्याला होतो, या विसंगतीचे समर्थन कोणत्याही शास्त्राच्या आधारे करता येण्यासारखे नव्हते. ती केवळ सोय होती. गुण हवा होता, गुणी माणूस नको होता.

तरीही गुणाचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. सातारा येथे युरोपियनांच्या जिमखान्याशी झालेल्या सामन्यात बाळूंनी सात बळी घेऊन संघाला विजय मिळवून दिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक यांनी जाहीर समारंभांतून त्यांचा गौरव केला. ज्याच्यासोबत आपण खेळतो त्याच्यासोबत पंक्तीस बसण्यास हरकत कोणती, हा प्रश्न न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी समाजापुढे ठेवला. पुढील अर्धशतक हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी बाळूंच्या आयुष्यात येत राहिला.

मुंबई आणि १९०६ चा विजय

१८९६-९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईस गेले. तेथे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघातून ते खेळू लागले. मुंबईतील क्रिकेट त्या काळी धर्म व जमात यांच्या आधाराने विभागलेले होते. प्रथम युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. १९०७ पासून हिंदू संघ धरून ते तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान संघाच्या प्रवेशाने चौरंगी आणि १९३७ मध्ये इतरेजनांचा संघ येऊन पंचरंगी झाले. जमातवार विभागणीवरील वाढत्या टीकेनंतर १९४६ मध्ये हे सामने बंद पडले.

या मालिकेच्या उंबरठ्यावरच, फेब्रुवारी १९०६ मध्ये, हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. त्यांचे बंधू शिवराम हेही या संघात होते. वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघालेला असताना राज्यकर्त्यांवर त्यांच्याच खेळात मिळविलेला हा विजय लोकांना मोठा वाटला, यात नवल नाही. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या मुंबईच्या साप्ताहिकाने मात्र या घटनेकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. गोऱ्यांवरील विजयाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक महत्त्व त्याने हिंदू जिमखान्याने अस्पृश्य बंधूंना आपल्यात घेतले या गोष्टीला दिले. पुण्यातील वेगळ्या भांड्यापासून मुंबईतील सहभोजनापर्यंतचा हा प्रवास धिम्या गतीने झाला होता, पण झाला होता.

१९११ चा इंग्लंड दौरा

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ प्रथमच इंग्लंडला गेला. हिंदू, मुसलमान आणि पारशी खेळाडूंच्या या संघात बाळू व शिवराम या दोघा भावांची निवड झाली. दौरा एकंदरीत अपयशी ठरला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी केवळ २ जिंकता आले आणि १० गमवावे लागले. या पडझडीत एकट्या बाळूंची कामगिरी उठून दिसते. सर्व सामने धरून त्यांनी ११४ बळी मिळविले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी, ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी होय.

जे दोन सामने जिंकले गेले, त्यांतही या कुटुंबाचा वाटा मोठा होता. लीस्टरशायरविरुद्ध बाळूंनी सामन्यात ११ बळी घेतले. सॉमरसेटविरुद्ध विजयासाठी २६५ धावा हव्या असताना शिवराम यांनी नाबाद ११३ आणि बाळूंनी ५५ धावा केल्या आणि अवघा एक गडी राखून संघ विजयी झाला. पूना क्लबात ज्यांना बॅट मिळत नव्हती, त्यांनी इंग्लंडच्या भूमीवर बॅटीने सामना वाचविला.

बाळू परत आले तेव्हा त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते. मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. या समारंभातील मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुण महाविद्यालयीन विद्यार्थ्याने लिहिले होते, असा उल्लेख आढळतो. ज्या समाजातील मुलांना शाळेत वेगळे बसविले जात होते, त्या समाजाला आपल्यातील एका माणसाचे नाव विलायतेतील वृत्तपत्रांत झळकलेले पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

बाळूंची प्रथम श्रेणीची कारकीर्द १९२०-२१ पर्यंत चालली. ३३ सामन्यांत १७९ बळी आणि प्रत्येक बळीमागे सरासरी १५.२१ धावा, हा त्यांचा हिशेब होय. भारताचा पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर झाला. त्या संघाचे कर्णधार नागपूरचे सी. के. नायडू होते आणि तेही १९१६ साली हिंदू संघातूनच पुढे आले होते. बाळूंचा काळ मात्र तोवर सरला होता. कसोटी खेळाडू हे बिरुद त्यांच्या नावापुढे कधी लागले नाही.

कर्णधारपदाचा प्रश्न

गोलंदाजी मान्य झाली, सहभोजनही झाले, तरी एक पायरी शिल्लक होती. ती म्हणजे नेतृत्वाची. संघातील सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद देण्यात आले नाही. १९१३ मध्ये कर्णधार म्हणून निवड झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान वस्तुतः बाळूंना मिळावयास हवा होता, असे जाहीरपणे सांगितले. पै यांचा हा मोठेपणा नोंद घेण्याजोगा आहे. परंतु निवड करणाऱ्यांचे मन त्याने बदलले नाही.

१९२० मध्ये हा प्रश्न चव्हाट्यावर आला. चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना प्रथम संघातून वगळण्यात आले आणि पै आजारी असता नेतृत्व विठ्ठल यांना डावलून दुसऱ्या खेळाडूकडे सोपविण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे आपणांस डावलले जात असल्याचे आपले म्हणणे निवेदनाद्वारे जनतेपुढे ठेवले. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर जिमखान्याला नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले असता संघाचे नेतृत्व बाळूंच्या हाती आले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना हा मान मिळाला, तोही थोड्या काळापुरता.

याच डिसेंबर महिन्यात नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि अस्पृश्यता दूर करण्याचे आवाहन तेथील ठरावात अंतर्भूत होते. देशातील बदलत्या वातावरणाचा परिणाम मैदानावरही झाला. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांवर विजय मिळविला. थोरल्या भावाला जे मिळाले नाही, ते धाकट्याने मिळविले. विठ्ठल यांनी पुढे मराठीतून आत्मचरित्रही लिहिले.

या प्रसंगातून एक गोष्ट दिसून येते. मागासलेल्या वर्गातील व्यक्तीला काम देणे सोपे असते, तिला पंक्तीला घेणे त्याहून कठीण आणि तिच्या आज्ञेत वागणे सर्वांत कठीण असते. सामाजिक समतेची खरी कसोटी या तिसऱ्या पायरीवर लागते.

पुणे करार आणि बाळूंची भूमिका

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक जीवनाकडे वळले. त्या काळी अस्पृश्य वर्गाच्या राजकीय हक्कांचा प्रश्न ऐरणीवर आला होता. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह करून पाण्याच्या हक्काची लढाई जाहीरपणे लढविली होती. गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्य वर्गासाठी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी केली. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या जातीय निवाड्यात ती मान्य झाली. त्याविरुद्ध महात्मा गांधींनी २० सप्टेंबर रोजी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले.

या वादात दलित नेत्यांमध्येही दोन मते होती. स्वतंत्र मतदारसंघ असल्याखेरीज निवडून येणारा प्रतिनिधी खऱ्या अर्थाने आपला राहणार नाही, तो बहुसंख्याकांच्या कलाने वागेल, असे डॉ. आंबेडकरांचे म्हणणे होते. मद्रासचे एम. सी. राजा, वऱ्हाडातील जी. ए. गवई आणि मुंबईचे बाळू हे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. कायमचे वेगळे पडल्याने दुरावा वाढेल, राखीव जागा असाव्यात, मतदान मात्र एकत्र व्हावे, अशी त्यांची धारणा होती. ज्या मनुष्याने वेगळ्या भांड्यापासून संघाच्या उपकर्णधारपदापर्यंतची वाट एकाच संघात राहून चालली, त्याला ही भूमिका पटावी, हे समजण्यासारखे आहे. त्याचप्रमाणे, वर्गाबाहेर बसून शिकलेल्या आणि उच्चविद्याविभूषित होऊनही अवहेलना सोसलेल्या डॉ. आंबेडकरांना केवळ बहुसंख्याकांच्या सद्भावनेवर विसंबणे मान्य होणार नव्हते, हेही तितकेच समजण्यासारखे आहे.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्यावर डॉ. आंबेडकर, मदनमोहन मालवीय, एम. सी. राजा, गवई आदींच्या जोडीला बाळूंचीही स्वाक्षरी आहे. करारान्वये स्वतंत्र मतदारसंघ रद्द झाले. जातीय निवाड्यातील ७१ जागांऐवजी प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्य वर्गासाठी १४८ जागा राखून ठेवण्यात आल्या. त्यांपैकी मुंबई इलाख्यास, सिंध धरून, १५ आणि मध्य प्रांतास २० जागा आल्या. प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य वर्गाच्या मतदारांनी प्रथम चार उमेदवार निवडावयाचे आणि नंतर सर्व मतदारांनी मिळून त्यांतून एक निवडावयाचा, अशी दुहेरी योजना होती. डॉ. आंबेडकरांच्या आग्रहातून जागांची संख्या वाढली आणि संयुक्त मतदानाचे तत्त्वही राहिले. दोन्ही विचारांचा ठसा या करारावर उमटला आहे.

निवडणुकीच्या मैदानात

यानंतर बाळूंनी मुंबई महापालिकेची निवडणूक हिंदू महासभेच्या वतीने लढविली, परंतु त्यांना यश आले नाही. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये येवले येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराचा मनोदय जाहीर केला. तो विचारही बाळूंना पटला नाही. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईतील भायखळा-परळ भागातील राखीव जागेसाठी काँग्रेसने बाळूंना उमेदवारी दिली. प्रतिपक्षी होते स्वतंत्र मजूर पक्षाचे संस्थापक डॉ. आंबेडकर. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांच्या गौरवासाठी आंबेडकरांनी शब्द वेचले होते, तेच बाळू आता त्यांच्यासमोर उभे होते. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. अवघ्या २,०२० मतांच्या अंतराने बाळू पराभूत झाले.

एकही निवडणूक न जिंकलेल्या मनुष्याच्या सार्वजनिक जीवनाचे मोल काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. अधिकारपद हेच सार्वजनिक सेवेचे एकमेव माप मानले तर उत्तर निराशाजनक येईल. परंतु ज्या काळात अस्पृश्य गणल्या गेलेल्या माणसाने सभेत उभे राहणे हेच धाडस होते, त्या काळात त्यांनी देशाच्या एका मोठ्या प्रश्नावर स्वतःचे मत बनविले, ते निर्भयपणे मांडले आणि त्यासाठी मतदारांपुढे जाऊन पराभवही स्वीकारला. त्या लढतीतील दोन्ही प्रमुख उमेदवार अशा समाजांतून आलेले होते, ज्यांना शतकानुशतके बोलण्याचा अधिकारच नव्हता. मतभेद असण्याचा आणि ते मतपेटीतून सोडविण्याचा हक्क या समाजांनी प्रस्थापित केला, हा त्या निवडणुकीचा खरा अर्थ होय. इतिहासाचा कौल पुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला मिळाला आणि स्वतंत्र भारताची राज्यघटना त्यांच्या हातून आकारास आली. त्यामुळे बाळूंच्या वाटेचा प्रामाणिकपणा उणा ठरत नाही.

आजच्या गावाशी संबंध

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तिच्या पालनास शिक्षा देणारा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १ जून १९५५ पासून अमलात आला. १९७६ मध्ये त्याचे नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नामांतर करण्यात आले. सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास मज्जाव करणे, हा या अधिनियमाने गुन्हा ठरविला आहे. बाळूंना ज्या वेगळ्या भांड्यातून चहा मिळत असे, ते भांडे अशा रीतीने कायद्याने हद्दपार केले. यानंतर सुमारे एका महिन्याने, ४ जुलै १९५५ रोजी, मुंबईत बाळूंचे निधन झाले.

पुणे करारातील संयुक्त मतदानाचे तत्त्वही आज गावोगावी जिवंत आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, पंचायतींमध्ये अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवण्यात आल्या. राखीव प्रभागातील उमेदवार त्या त्या वर्गातील असतो. त्याला मत मात्र प्रभागातील सर्व जातींचे मतदार देतात. म्हणजेच तो एका समाजाचा नव्हे, तर संपूर्ण प्रभागाचा प्रतिनिधी असतो. सरपंचपद राखीव असेल तर त्या पदावरील व्यक्ती संपूर्ण गावाची प्रमुख असते. अशा सरपंचाने बोलाविलेल्या सभेस सर्वांनी उपस्थित राहणे, त्याच्या वा तिच्या हाती कारभाराची कागदपत्रे विनाविलंब सोपविणे आणि निर्णय त्याला वा तिलाच घेऊ देणे, ही कर्णधारपदाची तिसरी पायरी होय. खुर्ची एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, असे जेथे घडते, तेथे १९२० चा जिमखाना अद्याप शिल्लक आहे, असे समजावे.

शिक्षकांच्या हाती तर याहून मोठी संधी आहे. शाळेचा संघ निवडताना गोलंदाज कोण, हे मुले स्वतःच ओळखतात. कर्णधार कोण, हे मात्र पुष्कळदा शिक्षक ठरवितात. मैदानावर चुना कोणी आखावयाचा, पाण्याची कळशी कोणी आणावयाची आणि बक्षीस घेण्यासाठी पुढे कोणी जावयाचे, या लहानसहान गोष्टींतून मुले समाजाची रचना शिकत असतात. ही कामे पाळीपाळीने सर्वांना मिळाली, शालेय पोषण आहाराची पंगत एकच राहिली आणि नेतृत्व गुणानुसार दिले गेले, तर नागरिकशास्त्राचा धडा निराळा शिकविण्याची फारशी गरज राहणार नाही.

पालवणकर बाळूंचे चरित्र मुलांना सांगताना केवळ बळींची संख्या सांगून थांबू नये. १७९ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाने चहाचा पेला मिळण्यासाठी किती वर्षे वाट पाहिली आणि नेतृत्वाचा मान त्याला किती थोडा काळ लाभला, हेही सांगावे. मेडशीच्या किंवा अन्य कोणत्याही गावाच्या शिवारात संध्याकाळी खेळ संपवून सर्व मुले एकाच कळशीतले पाणी एकाच पेल्याने पितात, तेव्हा त्या पाण्यामागे पालवणकर बंधूंसारख्या अनेकांचे कष्ट आहेत, याची जाणीव त्यांना असावयास हवी.